सात नंबरच्या मशीनचं कौतुक

"'इश्श' नाही, बाय. 'इश'. एकच श. आणि लाजायचं नाही," डाबरे सर म्हणाले, आणि कॅन्टीनमध्ये बसलेल्या आम्ही आठही जणी खो खो हसलो.

जर्मन भाषेत 'मी' म्हणजे 'इश', हे आम्हाला पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं. छबू गाडे माझ्या शेजारी बसली होती. तिनं एप्रनचं टोक तोंडाला लावलं आणि विचारलं, "सर, तिकडची माणसं स्वतःबद्दल बोलताना लाजतात व्हय?"

"ती नाही लाजत. लाजतो आपण," सर म्हणाले. "आपल्याला 'मला हे आवडलं नाही' म्हणायचं असतं, आणि आपण म्हणतो, 'बरं आहे, पण लोक काय म्हणतील?' त्यांच्याकडे लोकांना मध्ये घेत नाहीत. इश फिंडं. मला वाटतं. झालं. म्हणा सगळ्यांनी."

"इश फिंडं," आम्ही ओरडलो. भांडी घासणाऱ्या मावशी आतून डोकावून गेल्या.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. चाकणच्या एका कारखान्यात मी प्रेस मशीनवर होते. मोटारीच्या सीटखाली लोखंडी पट्ट्या असतात, त्या आम्ही कापायचो आणि वाकवायचो. जर्मनीची एक मोठी कंपनी आमच्याकडून त्या पट्ट्या घ्यायला तयार होती, पण आधी त्यांची माणसं येऊन कारखाना बघणार होती. बारा दिवस उरले होते. तेव्हा आमच्या पर्सोनेल मॅनेजरना, निरगुडकर साहेबांना, एक कल्पना सुचली. पाहुणे लाइनवरून चालत येतील, पहिल्या आठ मशीनपाशी थांबतील आणि तिथली प्रत्येक बाई त्यांच्याशी जर्मनमध्ये एक गोड वाक्य बोलेल. पाहुणे चाट पडतील.

शिकवायला फिलिप डाबरे सरांना बोलावलं. सर मूळचे वसईचे. वीस वर्षं बोटीवर फिटर, मग अकरा वर्षं हामबुर्गच्या गोदीत वेल्डर. आता मुलीकडे चाकणला राहायला आले होते. पांढऱ्या मिशा, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, आणि प्रत्येक बाईला 'बाय' म्हणायची सवय. साडेतीनला आमची पहिली पाळी सुटायची, की कॅन्टीनच्या भिंतीला पांढरा फळा टेकवून ते उभे राहायचे.

पहिल्याच दिवशी निरगुडकर साहेबांनी टाइप केलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. वर जर्मन वाक्य देवनागरीत, खाली मराठी अर्थ. छबूच्या चिठ्ठीत होतं, 'इश फिंडं ईरं क्रावाटं झेअर श्योन', म्हणजे 'मला तुमचा टाय फार सुंदर वाटतो.' कुणाला 'तुमचा शर्ट तुम्हाला शोभून दिसतो' आलं, कुणाला 'तुम्ही इथे आलात याचा आनंद वाटतो' आलं.

माझ्या चिठ्ठीत होतं: 'इश फिंडं डीझं माशीनं झेअर गूट.'

खाली अर्थ: 'मला हे मशीन फार चांगलं वाटतं.'

मी चिठ्ठी घडी करून एप्रनच्या खिशात घातली. माझं मशीन सात नंबरचं होतं.

*

डाबरे सरांची शिकवायची पद्धत वेगळी होती. ते वाक्य पाठ करून घ्यायचेच, पण वर गप्पा फार मारायचे. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी छबूनं विचारलं, "सर, एवढं सारखं छान छान म्हटलं तर त्या लोकांना खरं वाटेल का हो?"

सर खूश झाले. खुर्ची ओढून बसले. "हामबुर्गला माझा एक फोरमन होता. सहा महिने रोज माझं वेल्डिंग बघायचा आणि म्हणायचा, 'तोड. परत कर.' सहा महिने! एक दिवस वाकून बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, 'निश्त श्लेश्त.' म्हणजे काय? 'वाईट नाही.' बास, एवढंच. त्या रात्री मी बायकोला वसईला पत्र लिहिलं, की मी पास झालो."

"वाईट नाही, याचं एवढं?" कुणीतरी म्हणालं.

"अगं, तो वाईटाला वाईट म्हणणारा माणूस होता ना. म्हणून त्याच्या चांगल्याला वजन. तुम्ही नुसतं चांगलंच म्हणायला शिकलात तर तो पोपट झाला. मत नाही झालं." आणि उठून त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: निश्त. "हा शब्द लिहून घ्या. निश्त म्हणजे नाही. इश फिंडं दास निश्त गूट. मला हे चांगलं वाटत नाही. हे वाक्य ज्याला येतं, त्याला जर्मन येतं."

आम्ही लिहून घेत होतो तेवढ्यात निरगुडकर साहेब आत आले. रोज एक चक्कर मारायचे. फळ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"नकार शिकवतोय," सर म्हणाले.

"नकार कशाला? आठ वाक्यं ठरली आहेत, तेवढीच घ्या. निगेटिव्ह काही नको." साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि तो शब्द स्वतःच्या हातानं पुसला. मग आमच्याकडे वळून हसले. "हसऱ्या चेहऱ्यानं बोलायचं हं सगळ्यांनी. दात दिसले पाहिजेत."

ते गेल्यावर सर काही क्षण फळ्याकडे बघत राहिले. पुसलेल्या जागी निळसर डाग राहिला होता. "बरं," ते म्हणाले, "क्रावाटं कुणाची होती?"

*

सगळ्याजणींचं वाक्य पाठ झालं. छबू तर लघवीला जातानासुद्धा टायचं कौतुक करत जायची. माझं एकटीचं होईना. पहिले तीन शब्द यायचे आणि माशीनंपाशी जीभ अडायची. इतर सातजणींची वाक्यं मला तोंडपाठ होती, कुणी अडलं तर मीच सांगायचे. सरांच्या ते ध्यानात आलं.

आठव्या दिवशी क्लास सुटल्यावर मी गेटबाहेर बसस्टॉपवर उभी होते. सर छत्री घेऊन आले आणि माझ्या शेजारी थांबले.

"सांडभोर बाई, तुझं 'माशीनं' बरोबर येतंय," ते म्हणाले. "चेहरा चुकतोय. काय झालंय त्या मशीनला?"

मी म्हटलं, "काही नाही."

"बरं," म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले. त्यांची बस समोरच्या बाजूनं सुटायची. ती आली, गेली. सर हलले नाहीत.

मग मी सांगितलं.

प्रेस मशीनला दोन बटणं असतात, दोन बाजूंना. दोन्ही तळव्यांनी एकाच वेळी दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो. म्हणजे तो खाली येताना दोन्ही हात बाहेर असतात. बनवणाऱ्यानं विचार करूनच बनवलंय. पण दोन्ही हात बटणावर म्हणजे पट्टी ठेवायला वेळ, काढायला वेळ. म्हणून आमच्याकडे डाव्या बटणात रबराचा तुकडा ठोकून ते कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. मग उजवा हात बटणावर, डावा हात आत-बाहेर. माल दुप्पट निघायचा. रबर सुपरवायझर आणून द्यायचा. नको म्हणणारीला झाडलोटीला पाठवायचे.

"पाच महिन्यांपूर्वी सात नंबरवर इंदू होती," मी म्हटलं. "इंदुमती थिगळे. माझ्यानंतर वर्षभरानं लागली. आमचा डबा एक, बस एक. तिचं मशीन उलट्या हाताचं लावलेलं, उजवा हात आत जायचा. त्या दिवशी पट्टी अडकली, ती काढायला गेली, आणि दुसऱ्या हाताचं कोपर बटणाला लागलं. तीन बोटं गेली, सर. अंगठा आणि करंगळी राहिली."

सरांची नजर माझ्या हातांवर गेली.

"दुसऱ्या दिवशी मशीन धुतलं. तिसऱ्या दिवशी त्यावर मला उभं केलं. रबर परत लावलं, या वेळी डाव्या बटणात. आता पाहुणे येणार म्हणून रबरं काढतील, पिवळा रंग देतील, जाळ्या बसवतील. पाहुणे गेले की परत रबर. आणि मी त्यांना सांगायचं, मला हे मशीन फार चांगलं वाटतं. हसून."

मी सगळं सांगितलं. जवळजवळ सगळं.

सरांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "काय बोलायचं ते मी तुला सांगणार नाही, बाय. नोकरी तुझी, घर तुझं. मी म्हातारा, माझं काय जातंय? पण व्याकरण विचारलंस तर सांगेन."

मी विचारलं, "सर, निश्त कुठे बसतं?"

"गूटच्या आधी," सर म्हणाले. "बरोब्बर गूटच्या आधी."

माझी बस आली. चढताना मी वळून विचारलं, "आणि आज, काल, उद्या?"

"हॉयटं, गेस्टर्न, मॉर्गन," ते ओरडले. कंडक्टर बघायलाच लागला.

*

पाहुणे मंगळवारी आले. आदल्या दिवसापासून कारखाना ओळखू येत नव्हता. जमिनीवर पिवळे पट्टे, मशीनपुढे नव्या जाळ्या, आम्हाला नवे हातमोजे. सुपरवायझरनं सगळ्या मशीनवरची रबरं उपटून एका डब्यात टाकली आणि डबा स्टोअरमध्ये ठेवला, परवा लागणार म्हणून. माझ्या मशीनवरचं रबर त्याला मिळालं नाही. ते मी आधीच काढून खिशात टाकलं होतं. तो म्हणाला, "पडलं असेल कुठे," आणि पुढे गेला.

सकाळी अकराला ते चौघं आत आले. तीन पुरुष आणि एक बाई. बाई पन्नाशीच्या, उंच, केस कापलेले, पायात जाडजूड काळे बूट. कोटावर नावाची पट्टी होती. निरगुडकर साहेब त्यांना सारखे 'मिसेस ब्रेन्नर' म्हणत होते. कारखान्याचे मालकही बरोबर होते. पहिल्या मशीनवरच्या आमच्या बाईनं सांगितलं, तुम्ही इथे आलात याचा आनंद वाटतो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचा चेहरा उजळला. दोन नंबर, तीन नंबर, शर्ट शोभून दिसतो, टाळ्या. त्या ब्रेन्नर बाई मात्र टाळ्या वाजवता वाजवता मशीनच्या मागे डोकावत होत्या, जाळीला हात लावून बघत होत्या.

पाच. सहा. माझे हात मोज्यात भिजले होते. शेजारच्या आठ नंबरवर छबू होती, तिचं तोंड हलत होतं, क्रावाटं, क्रावाटं.

ते माझ्यापुढे येऊन थांबले. निरगुडकर साहेबांनी मला भुवयांनी खूण केली: दात.

मी हसले नाही. म्हटलं, "इश फिंडं डीझं माशीनं निश्त गूट."

एका पुरुषानं टाळीसाठी हात वर नेले होते, ते तिथेच राहिले. साहेब पटकन पुढे झाले आणि इंग्रजीत बोलायला लागले. मला तेवढं इंग्रजी येत नव्हतं, पण 'मिस्टेक' आणि 'नर्व्हस' कळलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हेमलता, नीट बोल. झेअर गूट. पुन्हा बोल."

मी पुन्हा बोलले. आणखी मोठ्यानं. "निश्त गूट."

ब्रेन्नर बाईंनी साहेबांच्या समोर तळहात धरला, रस्त्यावर पोलीस धरतो तसा. माझ्याकडे बघून विचारलं, "वारुम?"

हा शब्द सरांनी शिकवला होता. वारुम म्हणजे का.

का, हे सांगायला माझ्याकडे पुरते शब्द नव्हते. जेवढे होते तेवढे मी एकेक करून काढले. "हॉयटं गूट," मी म्हटलं आणि जाळीवर हात मारला. "गेस्टर्न निश्त गूट. मॉर्गन निश्त गूट." मग मी माझा उजवा मोजा काढला, मधली तीन बोटं दुमडली आणि हात त्यांच्यापुढे धरला. "माइनं फ्रॉइंडिन. द्राय फिंगर."

माझी मैत्रीण. तीन बोटं.

"ही खोटं बोलतेय," साहेब म्हणाले. मराठीतच म्हणाले. घाईत कुठल्या भाषेत बोलतोय याचंही त्यांना भान राहिलं नसावं.

"खोटं?" मी म्हटलं. खिशातून रबराचा तुकडा काढला. जाळी सरकवली, रबर डाव्या बटणाच्या फटीत घातलं आणि तळव्यानं दोनदा ठोकलं. पाच महिन्यांत हाताला इतकी सवय झाली होती, की बघावंही लागलं नाही. मग उजव्या बटणाच्या बाजूला सरले, डावा हात पाठीमागे घेतला, सगळ्यांना दिसेल असा, आणि एकट्या उजव्या हातानं बटण दाबलं.

ठोकळा धाडकन खाली आला. आमच्या कानांना तो आवाज रोजचा होता. पण त्या क्षणी बाकी सगळी मशीनं बंद होती, म्हणून शेड हादरल्यासारखी वाटली. एक पाहुणा दचकून मागे गेला. मी परत दाबलं. परत धाडकन. तिसऱ्यांदा दाबणार तोच ब्रेन्नर बाई पुढे आल्या आणि त्यांनी मशीनच्या कडेचं मोठं लाल बटण मुठीनं दाबलं. मशीन बंद पडलं. त्यांनी बोटांच्या चिमटीत धरून तो रबराचा तुकडा ओढून काढला, उलटसुलट बघितला आणि कोटाच्या खिशात ठेवला.

मग त्या छबूकडे वळल्या आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. छबूला इंग्रजी कळत नव्हतं. तिनं ब्रेन्नर बाईंच्या उघड्या गळ्याकडे बघत सगळं वाक्य एका दमात म्हटलं: मला तुमचा टाय फार सुंदर वाटतो. पुढे बरीच वर्षं आम्ही त्यावर हसलो. पण तेव्हा कुणी हसलं नाही. कारण वाक्य संपवून छबूनं हुंदका दिला, स्वतःच्या मशीनच्या डाव्या बटणावर बोट ठेवलं आणि मान हलवली. वर, खाली. हो म्हणून.

नऊ नंबरवालीनंही बोट ठेवलं. दहा नंबरवाली खाली मान घालून उभी राहिली. तिला मी कधी दोष दिला नाही.

*

मला बारा वाजता गेटबाहेर काढलं. पास काढून घेतला. निरगुडकर साहेब स्वतः गेटपर्यंत आले होते, त्यांच्या कपाळावर घाम होता.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच माणूस आणला होता शिकवायला," मी म्हटलं.

"तू काय केलंस कळतंय का तुला? सहाशे माणसांच्या पोटावर पाय दिलास."

"साहेब, ती सहाशे माणसं हातानं जेवतात," मी म्हणाले आणि चालू लागले. बसस्टॉपवर पोचले. मी फुटपाथवर बसले ती तासभर उठले नाही.

घरी आमचे हे लवकर आले होते, त्यांचा टेम्पो दुरुस्तीला होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आता काय?"

"आता अजून एक काम राहिलंय," मी म्हटलं.

कारखान्यात पुढे काय झालं ते छबूकडून कळत गेलं. पाहुणे संध्याकाळपर्यंत ऑफिसात बसून होते. डाबरे सरांना बोलावून साहेबांनी जाब विचारला, तेव्हा सर म्हणाले, "मी फक्त व्याकरण शिकवलं." जर्मनीचं काम गेलं नाही, पण सहा महिने पुढे गेलं. आधी सगळ्या मशीनना डोळे बसवा, अशी त्यांची अट पडली. डोळे म्हणजे अदृश्य उजेडाचा पडदा. हात आत गेला की ठोकळा खाली येतच नाही. त्याला रबर लावता येत नाही. ते बसवले. मला मात्र पंधरा दिवसांनी पत्र आलं, कारखान्याची बदनामी केल्याबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे. ते मी वाचलं आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिलं.

पण उरलेलं काम त्याआधीच झालं होतं. त्या मंगळवारच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी कडूसला गेले, इंदूच्या घरी.

*

ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. डाव्या हातानं. उजवा पदराखाली. पाच महिन्यांत मी तिच्याकडे एकदाही गेले नव्हते.

"ये," म्हणाली. उठली नाही.

मी समोर बसले. पाहुण्यांचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, शेंगा फोडत होती. मध्येच म्हणाली, "छबूनं केला होता फोन."

"इंदे, अजून एक सांगायचंय."

"सहीचं?"

डाबरे सरांना मी जे सांगितलं नव्हतं ते हेच. इंदूला गाडीत घालून नेलं त्या दिवशी, अर्ध्या तासात, साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं होतं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. 'सदर कामगाराने स्वतःच्या सोयीसाठी सुरक्षा बटण निकामी केले, हे मी प्रत्यक्ष पाहिले.' खाली माझं नाव. साहेब म्हणाले होते, हेमलता, तुझी परमनंटची फाइल याच टेबलावर आहे. माझ्या एप्रनवर इंदूचं रक्त होतं, ते वाळलंही नव्हतं. मी सही केली. पुढच्या महिन्यात परमनंट झाले. त्या कागदावर इंदूचा नुकसानभरपाईचा अर्ज अडकला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दवाखान्यात निरगुडकर घेऊन आला होता कागद. दाखवला मला. बघ म्हणाला, तुझी मैत्रीणच सांगतेय." इंदूनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तुझी सही बघितली आणि मला वाटलं, हेमीचं अक्षर किती सुंदर आहे."

आयुष्यात लोकांनी माझं थोडंफार कौतुक केलं. पण एवढं खोल रुतलेलं एकही नाही.

"बरं, मग?" ती म्हणाली. "रडायला आलीस?"

"नाही. तो कागद खोटा होता, हे सांगायला येणार आहे. कामगार कचेरीत. तुझी तारीख असेल तेव्हा."

"आता नोकरी जाणार म्हणून सुचलं?"

"सुचलं आधी. नोकरी त्यामुळे चालली."

तिनं हाताला लागलेला टरफलांचा चुरा झटकला. मग सूप माझ्याकडे सरकवलं. "बसलीच आहेस तर फोड चार शेंगा," म्हणाली. "माफ केलंय असं समजू नको."

"नाही समजत," मी म्हटलं आणि शेंगा फोडायला घेतल्या.

*

तारीख डिसेंबरात आली. लांबट खोली, फायलींचे ढीग, टेबलामागे चष्मा लावलेले अधिकारी. एका बाजूला निरगुडकर साहेब आणि कारखान्याचे वकील, दुसऱ्या बाजूला इंदू, तिचा भाऊ आणि मी. डाबरे सर मागच्या बाकावर येऊन बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी तो जुना कागद माझ्यापुढे धरला. "ही सही तुमची?"

"माझी."

"आणि आज तुम्ही म्हणता हे खोटं आहे?"

"हो. बटण सुपरवायझरनं निकामी केलं होतं. सगळ्याच मशीनवर केलं होतं. इंदूनं नाही."

वकील उठले. "यांना कामावरून काढलंय, साहेब. त्या रागातून हे चाललंय. बाई, तुम्हाला कारखान्याचा राग आहे की नाही?"

"आहे," मी म्हटलं. "भरपूर आहे. पण त्याहून जास्त या सहीचा आहे."

"म्हणजे हे तुमचं मत झालं," वकील म्हणाले.

"मत वेगळं. ते विचाराल तर तेही सांगेन," मी अधिकाऱ्यांकडे वळले. "हे मी पाहिलेलं आहे. माझ्या हातानं मी ते रबर पाच महिने वापरलंय."

मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कारकुनाला म्हणाले, "घ्या लिहून. जसं सांगतात तसं."

लिहून झालं. माझ्या जबाबावर मी सही केली. निकाल लागायला पुढे दीड वर्ष गेलं आणि तो इंदूच्या बाजूनं लागला. पण मला आठवतो तो तोच दिवस.

अर्जदार म्हणून इंदूचीही सही हवी होती. कारकून भला माणूस होता. त्यानं तिच्या पदराखालच्या हाताकडे बघितलं, न सांगताच शाईचा पॅड पुढे सरकवला आणि हळुवारपणे म्हणाला, "अंगठा द्या, ताई. चालतो."

इंदूनं पॅडकडे बघितलं. मग डाव्या हातानं तो टेबलाच्या कडेपर्यंत लोटला.

"मी दहावी पास आहे," ती म्हणाली. "सही करते."

"अहो, पण वेळ लागेल."

"लागू द्या."

तिनं पदर बाजूला केला. सकाळपासून, बसमध्ये, जिन्यावर, त्या खोलीत, जो हात तिनं कुणाला दिसू दिला नव्हता तो बाहेर काढून टेबलावर ठेवला. अंगठा आणि करंगळी कागदावर रोवून तिनं कागद घट्ट धरला, डाव्या हातात पेन घेतलं आणि लिहायला लागली. अक्षर वाकडंतिकडं येत होतं. वकिलांनी घड्याळ बघितलं. निरगुडकर साहेबांनी मान खिडकीकडे वळवली. इंदूनं मान वर केली आणि थांबली. साहेब परत इकडे बघेपर्यंत थांबून राहिली. मग तिनं पुढचं अक्षर काढलं.